आत्याला हात लावू नये

सोमवारी सकाळी साहेबांनी सर्व्हरकाकांचा रजेचा अर्ज वाचला, उलटा करून त्याची मागची कोरी बाजूही पाहिली आणि तो पेपरवेटखाली सरकवून दिला. नामंजूर म्हणाले असते तर काका निदान घरी जाऊन चिडले असते. पेपरवेटखालच्या अर्जावर धड चिडताही येत नाही.

"एका सर्व्हरला चौदा पत्ते कशाला लागतात हो?" साहेबांनी विचारलं.

त्या सर्व्हरपाशी काकांची अठरा वर्षं गेली होती, पण हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. आपल्या घरात इतके रिकामे डबे कशाला, असं अचानक कुणी विचारलं तर आपलं जे होतं, ते त्यांचं झालं.

कंपनी दाराच्या बिजागऱ्या आणि कड्या-कोयंडे बनवायची. तिथल्या त्र्याहत्तर कॉम्प्युटरांवरची माणसं एकमेकांशी चॅटवर बोलायची, आणि ते चॅट चालायचं दुसऱ्या मजल्यावर एका बोळकांडीसारख्या खोलीत ठेवलेल्या एकाच सर्व्हरवर. सर्व्हर एक, पण त्याला हाक मारायची नावं चौदा. त्यात तसं नवल नाही. एकाच माणसाला घरात कुणी दादा म्हणतं, कुणी मामा, सासुरवाडीला तो जावईबापू असतो. हाक कशीही मारा, ओ देणारा एकच. ही नावं ठेवली होती काकांच्या आधी तिथे असलेल्या अण्णांनी. एखाद्या विभागाने आमचा पत्ता वेगळा हवा असा हट्ट धरला, की अण्णा नवं मशीन न आणता त्याच मशीनला आणखी एक नाव देऊन मोकळे व्हायचे. नावं सुचेनात तेव्हा घरातली नाती कामी आली. गोदामाच्या कॉम्प्युटरांत सर्व्हरचा पत्ता 'थोरली' असा भरलेला होता, विक्रीच्या कॉम्प्युटरांत 'धाकटी', आराखडेवाल्यांकडे 'मावशी'. निवृत्त होताना अण्णांनी काकांच्या हातात एक वही दिली. वहीत प्रत्येक नावापुढे विभाग लिहिलेला होता. चौदाव्या नावापुढे मात्र विभाग नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'आत्या: हात लावू नये', आणि खाली दोन ठसठशीत रेघा.

साहेब नवे होते. दोन महिन्यांपूर्वी आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी टेबलांवरचे सगळे फोन काढून नेले. लोक फोनवर फार बोलतात आणि जिन्यात फार भेटतात, असं त्यांचं निरीक्षण होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. तेव्हापासून जिन्याच्या प्रत्येक वळणावर नोटीस लागली, की जे बोलायचं ते चॅटवर बोलावं, आणि तक्रार असेल तर ती चॅटवरच्या 'तक्रार' गटात लिहावी. त्या गटात लिहिलेलं दोघांना दिसायचं, साहेबांना आणि काकांना.

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तेरा नावं काढून टाका. एक सर्व्हर, एक पत्ता," साहेब म्हणाले. "आणि त्यापायी माझ्याकडे एकही तक्रार येता कामा नये. पाच वाजता या. तक्रारी शून्य असतील तर सही करतो."

आता ही रजा काय चीज होती ते सांगायला हवं, म्हणजे काकांचा जीव कुठे अडकला होता ते कळेल. त्यांच्या लेकीला मुलगी होऊन तीन महिने उलटले होते आणि आजोबांनी नात अजून हातात घेतली नव्हती. फोनच्या पडद्यावर ती रोज दिसायची. पण पडद्यावरच्या बाळाला ना वजन, ना वास. दोनदा तिकिटं काढली आणि दोनदा रद्द केली. एकदा सर्व्हर बसला म्हणून, आणि एकदा सर्व्हर उठला पण चॅट बसलं म्हणून. काकू दोन्ही वेळा एकट्या गेल्या नाहीत, जायचं तर दोघांनी, म्हणून. आता तिसरी तिकिटं शनिवारी सकाळच्या गाडीची होती.

"या खेपेला तुम्ही आला नाहीत तर मी एकटी जाणार," सोमवारी संध्याकाळी अट ऐकून काकू म्हणाल्या. "आणि तिला आजोबांचा फोटो दाखवीन. सर्व्हरशेजारी उभे असलेला."

काकांनी ते ऐकून घेतलं. असा फोटो खरोखरच होता, आणि त्यांच्याकडचा सगळ्यात चांगला फोटोही तोच होता.

मंगळवारी काका कामाला लागले. काम तसं साधं होतं. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये चॅटच्या चौकटीत एक रकाना असतो, त्यातलं जुनं नाव खोडायचं आणि नवा पत्ता लिहायचा, बस्स. काकांनी चार ओळींत, लहान मुलाला कळेल अशा भाषेत ते लिहिलं, शेवटी 'कृपया आजच करावे' असं घातलं, आणि चॅटवर सगळ्यांना पाठवलं. पाच मिनिटांत अंगठे यायला लागले. चॅटवर कुणाचं म्हणणं पटलं की लोक उभ्या अंगठ्याचं चित्र टाकतात, तसे. दुपारपर्यंत बहात्तर अंगठे आले. काकांचं स्वतःचं धरून त्र्याहत्तर झाले, हिशेब चोख. साहेबांचा अंगठा तर सगळ्यांत आधी आला होता.

संध्याकाळी त्यांनी ही गोष्ट घरी जरा ऐटीतच सांगितली. काकू लहान लहान दुपटी घडी करून बॅगेत भरत होत्या. त्या थांबल्या.

"सगळ्यांनी अंगठा दाखवला म्हणताय?"

"सगळ्यांनी."

"आणि तुम्ही खूश झालात. अंगठा दाखवणं म्हणजे काय हे या वयात तुम्हाला मी सांगायचं का?"

बायकोला चॅटमधलं काय कळतंय, असं काकांच्या मनात आलं. माणसाच्या मनात अशा वेळी नेमकं हेच येतं. खरी गोष्ट एवढीच होती, की बहात्तर जणांनी अंगठा टाकला, कुणी जांभई दिली, आणि रकान्याला एकानेही हात लावला नव्हता.

बुधवारी, नावं काढायच्या आधी, काकांनी खबरदारी म्हणून अण्णांना घरी फोन केला. वीस मिनिटं अण्णांच्या गुडघ्यावर गेली. दुसऱ्या गुडघ्याची सुरुवात होताच काकांनी घाईने आत्याचा विषय काढला.

"आत्याला हात लावू नकोस," अण्णा म्हणाले.

"पण का?"

"ते आठवत नाही बघ."

"अहो, वहीत तुम्हीच लिहिलंय. दोन रेघा मारल्यात खाली."

"दोन मारल्यात ना? मग उगाच मारल्या नसणार," असं म्हणून अण्णांनी फोन ठेवला.

काका चिडले. माहिती लिहून ठेवायची तर पुरती लिहावी. ही असली दोन शब्दांची कोडी मागून येणाऱ्याच्या गळ्यात बांधून स्वतः गुडघे शेकत बसायचं, ही कुठली रीत. शिवाय साहेबांची अट एका पत्त्याची होती, आत्याला वगळून एका पत्त्याची नव्हती. स्वतःच्या कॉम्प्युटरात होतं ते एक नाव ठेवून काकांनी बारा नावं एकेक करून काढली आणि शेवटी, ओठ आवळून, आत्याही काढली.

मग त्यांनी वाट पाहिली. या धंद्यात एक जुनी पद्धत आहे. एखादी वस्तू कुणाच्या कामाची आहे हे कळत नसेल तर ती गुपचूप काढून घ्यायची आणि कान देऊन बसायचं. जो ओरडेल त्याची ती वस्तू. मग त्याची माफी मागून परत लावून द्यायची. कुणीच ओरडलं नाही तर समजायचं की ती अडगळ होती. काका तासभर 'तक्रार' गटाकडे बघत बसले. एक ओळ आली नाही. दोन तास झाले, संध्याकाळ झाली, तरी सगळ्यांनी मिठाची गुळणी धरलेली.

इथेच घोडं पेंड खात होतं, आणि ते काकांना दिसायला हवं होतं. माणूस एकदा घरात शिरला की बाहेर दारावरची पाटी काढली तरी त्याला काय फरक पडतो? तो पाटी शोधतो ती दुसऱ्या दिवशी, बाहेरून परत येताना. बुधवारी सगळे कॉम्प्युटर आधीच चॅटच्या आत होते. गुरुवारी सकाळी लोकांनी ते पुन्हा सुरू केले, कॉम्प्युटरांनी आपापल्या थोरल्या-धाकट्यांना हाका मारल्या, आणि ओ द्यायला कुणी नव्हतं.

आता चॅट बंद पडलं असं चॅटने सांगावं की नाही? ते सांगत नाही. ते लिहिलेलं ठेवून घेतं, शेजारी बोटाच्या पेराएवढं करडं घड्याळ दाखवतं, आणि जोडणी होईल तेव्हा पाठवू म्हणून गप्प बसतं. माणसाला वाटतं आपण बोललो, पलीकडचाच उत्तर देत नाही. काहींना शंका आली. त्यांनी नोटिशीप्रमाणे 'तक्रार' गटात रीतसर लिहिलं, की चॅट चालत नाही. त्यापुढेही घड्याळ लागलं.

आणि काकांच्या पडद्यावर गुरुवारी दिवसभर पूर्ण शांतता. शहाण्या माणसाला इतकी शांतता बघून घाम फुटला असता. काकांनी खुर्ची मागे रेलली, साहेबांना 'तक्रारी शून्य' असं कळवलं, आणि घरी जाताना वाटेत एक लाल लोकरीचं टोपडं विकत घेतलं. साहेबांचं उत्तर आलं नाही, पण साहेब उत्तर द्यायच्या भानगडीत कधीच पडत नसत.

शुक्रवारी सकाळी निघताना काकूंनी एक चांगलं मजबूत खोकं आणायला सांगितलं. बाळासाठी घेतलेला खुळखुळे लावलेला झुलता घोडा बॅगेत मावत नव्हता. खोकी गोदामात मिळतात, म्हणून काका तळमजल्यावर गोदामात गेले आणि दारातच थबकले. नऊ वर्षांत ज्या गोदामाची फरशी कुणी पाहिली नव्हती ती चकचकत होती. सगळ्या पेट्या जागच्या हलवून उंचीप्रमाणे लावल्या होत्या. मधोमध गोदामप्रमुख कमरेवर हात ठेवून उभा होता. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणायचे.

"काका, काल सकाळपासून विक्रीच्या बाईंचा एक निरोप नाही," पहिलवान म्हणाला. "ना ताबडतोब, ना अर्जंट. बाईंना उपरती झाली बघा. म्हटलं वेळ आहे तर आवरून घेऊ."

काका तडक पहिलवानाच्या कॉम्प्युटरपाशी गेले. रकान्यात 'थोरली' जशीच्या तशी होती. खाली 'तक्रार' गटात पहिलवानाने गुरुवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी लिहिलेली ओळ होती, 'चॅट बंद आहे काय?', आणि शेजारी करडं घड्याळ.

"अरे, मग वर येऊन सांगायचं ना मला."

"वर कसं येणार? जिन्यात नोटीस आहे. तक्रार चॅटवरच करायची."

"चॅट बंद असल्याची तक्रार चॅटवर?"

"नोटिशीत तसं वेगळं काही दिलेलं नाही," पहिलवान म्हणाला, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं.

काका खोकं तिथेच टाकून विक्री विभागात धावले. तिथल्या बाई गुरुवारपासून पहिलवानावर डूख धरून बसल्या होत्या. फाटकाशी माल न्यायला आलेला ट्रक काल दुपारपासून उभा होता, आणि चारशे पेट्या द्या म्हणून त्यांनी पहिलवानाला एकूण चौतीस निरोप लिहिले होते. त्यांच्या पडद्यावर चौतीस घड्याळं ओळीने उभी होती. तो मुद्दाम उत्तर देत नाहीये, बाई म्हणाल्या, आणि आता तो पाया पडत आला तरी त्या आपण होऊन बोलणार नव्हत्या. आराखडेवाले पाठवणीवाल्यांवर रुसले होते, पाठवणीवाले सगळ्या जगावर. अख्खी इमारत एकमेकांशी अबोला धरून बसली होती आणि काका गेले दोन दिवस त्याला यश समजत होते.

काढलेली नावं परत लावावीत तर त्याला साहेबांची परवानगी लागणार, परवानगी मागायची तर काय झालं ते सांगावं लागणार, आणि सांगितलं की रजा गेली. राहता राहिला एकच मार्ग. काकांनी बाह्या सारल्या आणि एकेका कॉम्प्युटरपाशी जाऊन स्वतःच्या हाताने पत्ता बदलायला सुरुवात केली. पहिला गोदामातला. पत्ता बदलला, चॅट जोडलं गेलं, काकांना हायसं वाटलं. ते हायसं वाटणं साधारण तीन सेकंद टिकलं.

कारण चॅट जोडलं गेल्याबरोबर दोन दिवस अडकलेलं सगळं एकदम सुटलं. पहिलवानाची 'चॅट बंद आहे काय?' ही ओळ 'तक्रार' गटात जाऊन पडली, आणि चॅटने तिच्यापुढे वेळ घातली ती पोचल्याची, म्हणजे शुक्रवार सकाळची. काकांनी दुसरा कॉम्प्युटर जोडला, त्यातून तीन तक्रारी निघाल्या. तिसऱ्यातून पाच. चॅट बंद होतं तोवर तक्रारी शून्य होत्या. जसजसं ते दुरुस्त होत चाललं, तसतशा तक्रारी वाढत चालल्या. दुरुस्ती थांबवावी तर काम अडतं, करावी तर रजा जाते. असला पेच काकांच्या अख्ख्या नोकरीत त्यांनी पाहिला नव्हता. दुपारी बारा वाजता एकोणीस तक्रारी होत्या. तीन वाजता अठ्ठावन्न. त्या सगळ्या साहेबांच्या पडद्यावरही पडत असणार, हे काकांना कळत होतं, तरी ते टेबलांखालून सरपटत पुढच्या कॉम्प्युटरकडे जात राहिले. चॅट चालू ठेवणं हे त्यांचं काम होतं आणि ते अर्धवट टाकून त्यांना जाता येईना.

विक्रीच्या बाईंचा कॉम्प्युटर जोडला तेव्हा चौतीस निरोप गोदामात एका दमात पोचले. पहिला होता, 'माल आज पाठवाल का?' चौतिसावा होता, 'तुम्ही माणूस आहात की बिजागरी?' पहिलवानाने सगळे ओळीने वाचले आणि नोटीस-बिटीस न बघता तरातरा जिना चढायला लागला. बाई वरून उतरत होत्याच. जिन्याच्या वळणावर दोघांची गाठ पडली, आणि मधे काका. ते बिचारे सकाळी टाकलेलं खोकं आणायला परत खाली निघाले होते. दोन मिनिटं दोघंही एकाच वेळी बोलली. मग बाईंनी ट्रकचं सांगितलं, पहिलवानाने कपाळाला हात लावला, आणि चारशे पेट्या द्यायचं कबूल झालं. फक्त त्या पेट्या नव्या रचनेत नेमक्या कुठे गेल्या ते पहिलवानाला आठवेना. विक्रीच्या बाई पदर खोचून स्वतः शोधायला खाली गेल्या. चौतीस निरोपांनी जे झालं नाही ते जिन्यात तीन मिनिटांत झालं, पण काकांना त्याचं कौतुक करायला सवड नव्हती.

साडेचारला काकूंचा फोन आला, खोकं मिळालं का म्हणून. काका म्हणाले, मिळालं. सही मिळाली का, असं काकूंनी विचारलं नाही. आवाजावरून त्यांना कळलं असावं. त्या एवढंच म्हणाल्या, "दोरी आणायची राहू द्या. घरात आहे."

पाचला पाच मिनिटं असताना 'तक्रार' गटात एकशे बारा तक्रारी होत्या. जोडलेले कॉम्प्युटर काकांनी मोजले, ते एकाहत्तर भरले. आपलं सोडून बहात्तर हवे होते. एक कुठला राहिला ते डोकं खाजवूनही आठवेना, आणि आता आठवून उपयोगही नव्हता. त्यांनी गुडघ्यांवरची धूळ झटकली, केसांतलं जळमट काढलं आणि साहेबांच्या केबिनचा जिना चढले. चढताना त्यांनी ठरवलं, की साहेबांनी बोलायला सुरुवात करायच्या आत आपणच कबूल करून टाकायचं. मग घरी जायचं. काकूंना सकाळी गाडीत बसवून द्यायचं. फोटो बॅगेत त्या आपणहून ठेवतील.

साहेब हसत होते. हे दृश्य कंपनीत कुणी पाहिलेलं नव्हतं.

"बसा काका. चहा घेणार?"

काकांनी कबुलीसाठी तोंड उघडलं, पण साहेब थांबले नाहीत.

"मी तुम्हाला सोमवारी जरा कडक बोललो," साहेब म्हणाले. "पण बघा, शिस्त लावली की काय होतं. काल आणि आज मिळून मी अकरा आदेश काढले. एकालाही उलट उत्तर नाही. शंका नाहीत, अडचणी नाहीत, 'पण साहेब' नाही. आणि तक्रारी?" त्यांनी पडदा काकांकडे वळवला. "शून्य. मला आठवतंय तेव्हापासून इतके शांत दोन दिवस मला नोकरीत मिळालेले नाहीत."

काका पुढे वाकले. पडद्यावर साहेबांचे अकरा आदेश एकाखाली एक होते, आणि प्रत्येकाशेजारी एक करडं घड्याळ होतं.

"ही घड्याळं?" काकांनी विचारलं.

"लोक विचार करून उत्तर द्यायला लागलेत," साहेब म्हणाले. "घाई करत नाहीत. हाही फरकच आहे."

काकांची नजर हळूहळू कोपऱ्यातल्या रकान्याकडे गेली. तिथे, कितीतरी साहेबांच्या आधीपासून त्या मशीनमध्ये भरून ठेवलेलं, एकच नाव होतं. आत्या. बहात्तरावा कॉम्प्युटर सापडला होता. ज्याने हुकूम काढला त्याने तरी तो पाळला असेल, असं काका धरून चालले होते. साहेबांनीही सगळ्यांसारखाच अंगठा टाकला होता.

साहेबांनी पेपरवेट उचललं, अर्ज काढला, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. झोकदार, खाली रेघ असलेली. काकांनी कागद घेतला, त्याची चौघडी घातली, वरच्या खिशात घातला आणि दारापर्यंत गेले. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर ते बाहेर पडले असते. पण ते पाऊल काही केल्या उचलेना. अठरा वर्षं ज्या माणसाने तुटलेली प्रत्येक जोडणी जोडली, त्याला एक तुटलेली जोडणी डोळ्यांदेखत सोडून जाणं जमत नव्हतं. याला कुणी प्रामाणिकपणा म्हणेल, काकू दुसरंच काहीतरी म्हणाल्या असत्या.

"साहेब," ते वळून म्हणाले, "तुमचं चॅट काल सकाळपासून बंद आहे."

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं.

काकांनी मग सगळं सांगून टाकलं. आत्या, अंगठे, एकशे बारा तक्रारी, ट्रक, पहिलवान, सगळं. तुमचे अकरा आदेश कुणालाही मिळालेले नाहीत, हेही सांगितलं. पत्ता बदलायला अर्धं मिनिट लागेल, आत्ता बदलून देतो, मग सगळं एकदम इथे येईल, असं म्हणून ते टेबलाकडे निघाले.

"थांबा," साहेब म्हणाले. "एकशे बारा?"

"मघाशी होत्या. आता वाढल्या असतील."

"त्या सगळ्यांचं काम आता चाललंय ना? गोदामाचं? विक्रीचं?"

"हो. ट्रकही गेला."

साहेब बराच वेळ आपल्या शांत पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. "तो कागद द्या इकडे."

काकांनी खिशातून कागद काढला. देताना तो त्यांच्या हातून चटकन सुटेना. गेली, तिसरी तिकिटंही गेली, एवढंच त्यांच्या मनात आलं. लाल टोपडं टपालाने पाठवता येईल, असंही आलं.

साहेबांनी चौघडी उलगडली. पेनाने काहीतरी खोडलं, वर काहीतरी लिहिलं, शेजारी छोटी सही केली आणि कागद परत दिला. 'दहा दिवस' खोडून तिथे 'पंधरा दिवस' लिहिलेलं होतं.

"या मशीनला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही परत आलात की बघू. तशी काही घाई नाही."

मंगळवारी दुपारी लेकीच्या घरी काका खिडकीपाशी बसले होते. हातांवर नात झोपलेली होती, लाल टोपडं कपाळावर उतरलेलं. दोन दिवसांत त्यांनी तिला फारसं खाली ठेवलंच नव्हतं. काकूंनी दोनदा आठवण करून दिली होती, की आजीही आली आहे. एवढ्यात खिशातला फोन वाजला. अण्णांचा होता. काकांनी एका हाताने कसाबसा कानाला लावला.

"आठवलं रे," अण्णा उत्साहाने म्हणाले. "आत्या म्हणजे साहेबांची केबिन. इतरांची नावं काढता-बदलताना साहेबांचं चॅट मधेच तुटू नये म्हणून वेगळं नाव दिलं होतं मी. काढली नाहीस ना?"

"काढली," काका कुजबुजले.

"अरे देवा. मग काय झालं?"

"पंधरा दिवस रजा मिळाली."

पलीकडे अण्णांनी गुडघ्यावरची शेकायची पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दहा वर्षं," अण्णा म्हणाले. "दहा वर्षं मी तिला हात लावला नाही."

फोनच्या आवाजाने नात जागी झाली होती. तिने आजोबांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, ओठ काढले, आणि गळा काढला तो असा की पलीकडे अण्णांनाही ऐकू गेला. काकू आतून धावत आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या.

"काही नाही, तक्रार आलीये," काका म्हणाले, आणि नातीला आणखी जवळ घेतलं. "थेट माझ्याकडेच आलीये. तू थांब, मी बघतो."